नागपूरचं विमानतळ वाढतंय : जयताळा, चिंचभुवन, बेलतरोडी, सोनेगाववाल्यांनो, आवाजाचं काय होईल?

जयताळा_नाका
नमस्कार मंडळी. जयताळ्यात आमचं घरचं घर आहे. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतंच होती. डोक्यावरून विमान जाणं आम्हाला नवीन नाही, पाहुणे आले की तेच दचकतात. आता वर एक मजला चढवायचा विचार आहे, झोपायच्या खोल्या वर जातील. ९ ऑक्टोबर २०२४ ला विमानतळाच्या विस्ताराचं भूमिपूजन झालं, साधारण ७००० कोटींचं काम आहे म्हणतात. आराखड्यात ४००० मीटरची दुसरी धावपट्टीसुद्धा आहे. माझा साधा प्रश्न आहे : विमानं दुप्पट झाली तर आवाज दुप्पट होतो का? आणि याला काही कायदा आहे की नाही? पक्षांची भांडणं इथे नकोत, ती करायला व्हॉट्सॲप आहे.

ऑरेंजसिटी_मिल्या
भाऊ, नागपुरात राहून विमानाच्या आवाजाची तक्रार करून रायले? आमच्या गल्लीत लग्नसराई सुरू झाली का डीजे रात्री बारापर्यंत खिडक्या हलवते. विमान निदान अर्ध्या मिनिटात निघून तं जाते.

बेलतरोडीवाली
मिल्या, डीजेवाला निदान एका रात्रीनंतर दुसऱ्याच्या दारात जातो.

मी दोन वर्षांपूर्वी बेलतरोडीच्या पुढे फ्लॅट बघत होते. जाहिरातीत 'एअरपोर्टपासून पाच मिनिटं' असं मोठ्या अक्षरात. मी बिल्डरला आवाजाचं विचारलं तर त्याने फाइल काढून विमानतळ प्राधिकरणाचं एनओसी दाखवलं. म्हणे, 'मॅडम, सगळं क्लिअर आहे.' मी आपली समाधानाने घरी आले. नवऱ्याने रात्री ते नीट वाचलं. त्यात आवाजाचा एक शब्द नव्हता.

मापपट्टी
बेलतरोडीताई, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. ते एनओसी फक्त उंचीचं असतं. प्राधिकरणाचा रंगीत पट्ट्यांचा नकाशा असतो, कुठल्या पट्ट्यात इमारत किती उंच जाऊ शकते ते त्यावरून ठरतं. हेतू एकच, विमानाच्या वाटेत इमारत येऊ नये. त्या इमारतीतल्या माणसाला झोप लागेल की नाही, याच्याशी त्या कागदाचा संबंध नाही. पण विक्रीच्या टेबलावर तो 'विमानतळाची परवानगी' म्हणूनच फिरतो.

मी पर्यावरण मोजमापाच्या कामात आहे. आवाजाची यंत्रं लावणं, रीडिंग काढणं हे पोटापाण्याचं काम. नाक्यावरच्या भाऊंच्या प्रश्नाला जरा लांब उत्तर देतो, आत्ता साइटवर आहे, संध्याकाळी लिहितो.

शिवणगाव_पोट्टा
तुमची झोप मोडून रायली, आमचं तं गावच मोडलं. मिहानसाठी (विमानतळालगतचा तो कार्गो हबचा प्रकल्प) जमिनी गेल्या, घरं गेली, पुनर्वसनाच्या चकरा आमच्या बापाने मारल्या. आता ज्यांनी नंतर येऊन फ्लॅट घेतले ते म्हणतात आवाज होते. विमानतळ आधी का तुमचा फ्लॅट आधी?

बेलतरोडीवाली
दादा, तुमचं दुःख मोठं आहे, त्याच्याशी तुलना नाहीच. पण विमानतळ आधी होतं म्हणून आज जेवढं आहे तेवढं सहन करणं वेगळं, आणि उद्या ते कितीही वाढलं तरी बोलायचंच नाही, हे वेगळं.

शिवणगाव_पोट्टा
ते बरोबर आहे ताई. माह्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता. राग दुसऱ्यावर आहे.

जुना_सोनेगावकर
विमानतळ आधी की वस्ती, यावर सांगतो. माझे वडील पोस्टात होते. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तिचं मधलं ठाणं आपलं नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही बाजूंनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावात जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. सत्तरच्या दशकापर्यंत ही सेवा चालली. तेव्हा मध्यरात्रीचं विमान ही सोनेगावला नवी गोष्ट नाही. फरक एवढाच की तेव्हा धावपट्टीच्या दोन्ही टोकांना ज्वारी-तूर होती, माणसं नव्हती.

पुढे वायुसेनेची आयएल-७६ यायची, चार इंजिनांची, गजराज म्हणायचे तिला. ती उठली की आमच्या मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींवर वाजायच्या. बायको म्हणायची, गजराज आला. त्या मानाने हल्लीची विमानं म्हणजे मांजर.

मिहान_शिफ्ट
काकांशी सहमत. आताची नवी ए३२० निओ वगैरे खरंच शांत आहेत. मी मिहानमध्ये काम करतो, रोज बघतो. विमानतळ झालं तर आमच्यासारख्या पोरांना पुण्याला पळायची गरज राहणार नाही. आधीच २०२० ते २०२४ विमानतळाचं टेंडर कोर्टात अडकलं, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, सगळं झालं. आता कुठे गाडी रुळावर आली तर लगेच आवाजाचं खुसपट काढू नका, हात जोडतो.

जयताळा_नाका
खुसपट नाही हो. विमानतळ मलाही हवंय. माझा भाऊ बंगळुरूला आहे, थेट विमानाचं मोल मला कळतं. मी फक्त विचारतोय की काय होईल.

मापपट्टी
आलो. चहा घेऊन बसा.

आधी दुप्पटीचं. डेसिबल हे सरळ बेरजेचं माप नाही. तशाच प्रकारची विमानं दुप्पट झाली तर सरासरी पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे कागदावर विस्तार अगदी गरीब दिसतो : विमानं दुप्पट, वाढ ३ डेसिबल, काळजी नसावी. प्रत्यक्षात तुमची झोप रात्रीत तीनदा मोडायची ती सहादा मोडते. सरासरीला हे दिसतच नाही.

आता कायदा. तुमच्या-आमच्या साध्या वस्तीला २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत : दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. विमानतळाच्या आसपासच्या भागासाठी, ज्याला विमानतळ ध्वनिक्षेत्र म्हणतात, केंद्राने २०१८ मध्ये वेगळी मानकं आणली. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या गजबजलेल्या विमानतळासाठी दिवसा ७०, रात्री ६५. बाकीच्यांसाठी दिवसा ६५, रात्री ६०. नागपूर आज या दुसऱ्या गटात आहे. म्हणजे तुमचं घर त्या क्षेत्राच्या रेषेच्या आत आलं की रात्रीची मर्यादा ४५ वरून ६० होते. आणि रहदारी ५० हजारांपलीकडे गेली की ६५. लोकांना वाटतं आपलं घर नकाशात आलं म्हणजे संरक्षण मिळालं. झालेलं असतं उलटं, मर्यादा सैल झालेली असते.

आणि ही मर्यादा म्हणजे रात्रभराची सरासरी. आता हा हिशेब बघा, कोणीही करू शकतो. समजा, जयताळ्यावरून एक विमान गेलं आणि त्याची एकूण ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर ८५ डेसिबल भरते. अंगणात उभं राहून ते ऐकलं तर कमाल आवाज साधारण ७५ च्या घरात असेल, म्हणजे झोपलेल्या माणसाची झोप मोडू शकते. रात्रीचे आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. त्या एका विमानाला आठ तासांवर पसरवलं की सरासरी येते ४० डेसिबल. दहा विमानांची ५०. साठ गाठायला किती लागतील? नव्वदच्या आसपास. म्हणजे एका रात्रीत तुमच्या घरावरून नव्वद विमानं गेली, दर पाच-साडेपाच मिनिटांना एक, तरी कायदा म्हणेल सगळं ठीक आहे.

म्हणून 'नियमाच्या आत आहे' हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. ते खरंच असतं.

ऑरेंजसिटी_मिल्या
बापा बापा. नव्वद? मी डीजेवाले शब्द मागे घेतो.

बेलतरोडीवाली
हा हिशेब नवऱ्याला दाखवला. तो दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बसलाय. मापपट्टीदादा, मग जगात दुसरीकडे काय धरतात?

मापपट्टी
जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात विमानाच्या आवाजासाठी रात्रीची शिफारस ४० डेसिबलच्या खाली. तो कायदा नाही, शिफारस आहे, आणि युरोपातही बहुतेक मोठी विमानतळं त्यात बसत नाहीत. आपल्या ६० च्या शेजारी ४० हा आकडा ठेवून बघावा एवढंच.

मिहान_शिफ्ट
पण नागपुरात रात्री आहेत तरी किती विमानं? दोहा आणि शारजा, ती मध्यरात्रीनंतर येतात-जातात. बाकी पहाटेची मुंबई-दिल्ली.

मापपट्टी
आज कमी आहेत, म्हणून तर आत्ता बोलायचं. आखाती विमानांच्या वेळा त्यांच्या तिकडच्या जोडविमानांवर ठरतात, आपल्या झोपेवर नाही. आणि हे विमानतळ मालवाहतुकीचं केंद्र व्हावं ही मिहानची मूळ कल्पना आहे, नावातच कार्गो हब आहे. माल रात्री हलतो, जगभर तसंच आहे. त्यात मालवाहू विमानं पुष्कळदा जुनी प्रवासी विमानं बदलून केलेली असतात. तुमची निओ शांत आहे हे कबूल, पण रात्री तीनला निओच येईल याची हमी कोणी दिलेली नाही.

२०२४-२५ मध्ये रनवेच्या री-कार्पेटिंगसाठी दिवसा १० ते ६ विमानं बंद होती, आठवतं? सगळी रहदारी सकाळी आणि रात्री ढकलली गेली. एकूण विमानं वाढली नव्हती, नुसती वेळ सरकली होती.

जुना_सोनेगावकर
आठवतं तर! पहाटे पाचपासून रांग लागायची. हायकोर्टानेही त्या कामाच्या दिरंगाईची दखल घेतली होती. मला वाटायचं माझंच वय झालं म्हणून झोप उडते.

प्रतापनगर_४४००२२
आमचं घर विमानाच्या वाटेखाली नाही, बाजूला आहे. तरी थंडीत पहाटे असा गडगडाट येतो की ट्रक घरात शिरतोय वाटतं, आणि मे महिन्यात काही नाही. माझ्या मनाचा खेळ आहे का?

मापपट्टी
मनाचा खेळ नाही. थंडीत निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. आवाज वर निसटून जाण्याऐवजी वाकून खाली परत येतो. धावपट्टीवर धाव घेणारं विमान, उतरल्यावर उलटा जोर लावून थांबणारं विमान, यांचा आवाज मग सोनेगाव, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरपर्यंत जमिनीलगत सरपटत येतो. मे महिन्यात हवेची ही घडी इतकी पक्की बसत नाही.

शिवाय मे महिन्यात तुमच्या खिडकीत कूलर असतो.

प्रतापनगर_४४००२२
हे अगदी खरं! कूलरच्या घरघरीत विमानच काय, दारावरची बेलही ऐकू येत नाही.

जयताळा_नाका
याच्यावरून आठवलं. मी वरच्या मजल्याला दुहेरी काचेच्या खिडक्या बसवणार होतो. कोटेशन ऐकून चक्कर आली, पण बसवणार होतो.

मापपट्टी
थांबा, पैसे वाचवतो. नागपुरात चार महिने खिडकीत कूलर लागतो, आणि कूलरला ताजी हवा लागते. म्हणजे एक खिडकी चार महिने उघडीच. दुहेरी काच बसवून शेजारच्या चौकटीत कूलर ठेवलात तर काचेचे पैसे पाण्यात. एसी लावणार असाल तरच काचेत अर्थ.

दुसरं, आपल्याकडे सगळे सरकत्या खिडक्या बसवतात. त्यांच्या रुळाला फटी असतात, आणि जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. कब्जावर, म्हणजे बिजागरीवर उघडणारी, रबरी पट्टीची खिडकी साध्या जाड काचेची असली तरी महागड्या सरकत्या खिडकीला भारी पडते. न्हाणीघराचं झडपांचं व्हेंटिलेटर विसरू नका.

तिसरं, वरचा मजला टिनाचा करू नका. जयताळ्यासारख्या जागी आवाज खिडकीतून येण्याआधी छतातून येतो. पाच इंची स्लॅब जड असते, ती आवाज अडवते. टिनाचं शेड पावसात वाजतं तसंच विमानात वाजतं. बजेट कमी असेल तर मजला लहान बांधा, पण स्लॅबचा बांधा.

बेलतरोडीवाली
आमच्या बाजूचं काय? आम्ही घर घेतलं नाही शेवटी, पण बहीण गोटाळ पांजरीकडे बघतेय.

मापपट्टी
आपली धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. एका टोकाला जयताळा-एमआयडीसी, दुसऱ्या टोकाला चिंचभुवन आणि पुढे गोटाळ पांजरीची बाजू. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उठतं. वारा पश्चिम-वायव्येचा असला की उतरणारी विमानं आग्नेयेकडून, म्हणजे चिंचभुवनवरून येतात, आणि उठणारी जयताळ्यावरून जातात. वारा फिरला की उलट.

उतरताना विमान साधारण ३ अंशाच्या उतारावर असतं. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून ३ किलोमीटरवर ते जेमतेम १७० मीटर उंच, ५ किलोमीटरवर २७५ मीटर. गूगल नकाशावर धावपट्टीची रेष पुढे ओढा आणि बहिणीचा प्लॉट त्या रेषेपासून किती बाजूला आहे ते बघा. विमानापासूनचं अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात, म्हणून रेषेखालचा प्लॉट आणि अर्धा-एक किलोमीटर बाजूचा प्लॉट यांत जमीन-अस्मानाचा फरक. लेआउटचं नाव तेच असू शकतं. आणि दुसरी समांतर धावपट्टी आली की अशीच दुसरी रेष तयार होईल. तिच्याखाली आज काय विकलं जातंय तेही बघायला सांगा.

साइट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, बिल्डर नेमका तेव्हाच बोलावतो. रात्री साडेदहाला किंवा पहाटे जा.

शिवणगाव_पोट्टा
हे पाह्य, पुनर्वसनात ज्याले प्लॉट भेटले त्याले कोणी विचारलं होतं का रेषेखाली देऊ का बाजूले? गाव धावपट्टीपासून उचललं अन् धावपट्टीच्या टोकाजवळ नेऊन ठेवलं.

मापपट्टी
यावर माझ्याकडे उत्तर नाही भाऊ. पण मोजमाप कुठे व्हावं याची यादी करू तेव्हा पहिलं नाव चिंचभुवनच्या पुनर्वसन वसाहतीचं घालू.

जुना_सोनेगावकर
मोजमाप कोण करणार?

मापपट्टी
इथेच खरी गोम आहे. आज आवाज किती आहे याची अधिकृत नोंद आजच झाली नाही, तर दहा वर्षांनी तुम्ही 'आवाज वाढला' म्हणाल आणि समोरचा विचारेल, 'कशाच्या तुलनेत?' तेव्हा तुमच्याकडे नुसती आठवण असेल. टर्मिनल, टॅक्सी-वे, धावपट्टी, कुठलंही काम पुरं व्हायच्या आधीची नोंद हवी. सोसायट्यांनी वकील लावण्याआधी ही एक गोष्ट मागावी. जयताळा, चिंचभुवन, सोनेगाव, बेलतरोडी इथे सलग मोजमाप, हिवाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. आणि फक्त सरासरी नको, रात्री १० ते ६ मध्ये प्रत्येक विमानाचा कमाल आवाज आणि वेळ वेगळी नोंदलेली हवी.

मागायचं कोणाकडे : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि विमानतळ चालवणारे, दोघांकडे. ध्वनिरेषांचा नकाशा, म्हणजे कुठे किती आवाज पोचतो तो, माहितीच्या अधिकारात मागा, आजचाही आणि विस्तारानंतरचा अंदाजितही. विमानतळाला पर्यावरण मंजुरी लागते, तिच्यातल्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर शोधा, आवाजाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक जण हे वाचतच नाहीत, त्यामुळे लिहिणाऱ्यालाही कंटाळा येतो.

मिहान_शिफ्ट
यात विस्तार थांबत नाही ना? मग माझीही सही घ्या.

मापपट्टी
थांबत नाही. उलट आकडे हातात असले की बोलणी सोपी होतात : रात्री दोन्ही टोकं आलटून पालटून वापरा, इंजिन जमिनीवर चालवून बघायची चाचणी रात्री नको, मालवाहू विमान मध्यरात्री येणार असेल तर नव्या पिढीचं आणा. हे सगळं दुसऱ्या देशांत करतात, यातलं काहीच स्वप्नरंजन नाही.

ऑरेंजसिटी_मिल्या
नीरी, ते पर्यावरणवालं संशोधन केंद्र, तं आपल्या वर्धा रोडवरच आहे. त्यांचं नॉइज ट्रॅकर ॲप आहे म्हणतात, तेच लावू का मोबाइलवर?

मापपट्टी
लावा. कोर्टात मोबाइलचं रीडिंग टिकणार नाही, प्रत्येक फोनचा माइक वेगळा. पण एकच फोन, एकच जागा, एकच वेळ धरून वर्षभर नोंद केली तर चढ-उतार खरा दिसतो. गच्चीवर, भिंतीपासून तीन-चार हात लांब, वारा नसताना. आणि पंखा बंद करा, लोक पंख्याचं रीडिंग पाठवतात.

ऑरेंजसिटी_मिल्या
ठरलं. अन् नाहीच कोणी ऐकलं तं पोळ्याच्या पाडव्याला विमानाचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढू. 'झोपमोड घेऊन जा गे मारबत!'

बेलतरोडीवाली
मिल्या, बडग्याच्या मागे डीजे लावू नको म्हणजे झालं.

जयताळा_नाका
सगळ्यांचे आभार. दुहेरी काच रद्द, टिन रद्द, स्लॅब आणि कब्जाच्या खिडक्या पक्क्या. पत्राचा मसुदा मी उद्या इथे टाकतो, मापपट्टीदादांनी आकडे तपासून द्यावेत. सोनेगाव आणि चिंचभुवनकडून सह्या गोळा करायला एकेक जण हवा.

शिवणगाव_पोट्टा
चिंचभुवनच्या सह्या माह्यावर सोडा. पत्र मराठीत लिहा मात्र, मागच्या वेळी इंग्रजी कागदावर सही केली अन् जमीन गेली.

जुना_सोनेगावकर
सोनेगावचं मी बघतो. पहाटे तसाही जागाच असतो, आधी विमानांच्या वेळा लिहायला लागतो.